पेशीला ‘वाढ’ कोण सांगतो?



मोसम नदीच्या कांठीं ज्याचें बालपण गेलें, त्याच्या कानांतून मागांचा खडखडाट जन्मभर जात नाहीं. आमच्या मालेगांवांत घराघरांतून माग होते. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनीं हा धंदा येथें वाढविला, पुढें हातमागांची जागा विजेच्या मागांनीं घेतली, आणि खेड्यापाड्यांतील बायकांच्या अंगावर मालेगांवचीं रंगीत लुगडीं दिसूं लागलीं. माझ्या आत्याबाई शेजारच्या कारखान्यासाठीं कांड्या भरून देत. १९६८ सालीं त्यांच्या स्तनांत गांठ झाली. लाजेनें त्यांनीं ती कित्येक महिने लपविली, आणि जेव्हां सांगितली तेव्हां डॉक्टरांनीं नुसती मान हालविली. मी त्या वेळीं शाळेंत होतों. अंथरुणावर पडल्या पडल्या एके दिवशीं त्यांनीं मला विचारलें, “अरे, तूं शास्त्र शिकतोस ना? दांडा ओढल्याशिवाय माग चालत नाहीं. मग माझ्या अंगांतला हा माग कोणीं रे चालूं केला? आणि तो बंद कां होत नाहीं?”

मला उत्तर देतां आलें नाहीं. आत्याबाई त्याच वर्षाच्या अखेरीस गेल्या. पुढें मी जीवशास्त्र शिकलों, तें शिकविलेंहि, आणि बऱ्याच उशिरां माझ्या ध्यानांत आलें कीं, १९६८ सालीं त्या प्रश्नाचें उत्तर मालेगांवांतच काय, पण लंडन-न्यूयॉर्कांतहि कोणापाशीं नव्हतें. आज तें पुष्कळ अंशीं आहे. तें कसें सांपडलें याची हकीकत इटलींतील एका निजायच्या खोलींतून, अमेरिकेंतील उंदरांच्या पिंजऱ्यांतून आणि आपल्या मुंबईंतील परळच्या एका प्रयोगशाळेंतून जाते. तीच आज आपणांस सांगावयाची आहे.

प्रथम प्रश्न नीट मांडूं. मनुष्याचें शरीर तीस-चाळीस लक्ष कोटि पेशींचें बनलेलें असतें, आणि त्या सर्व एकाच पेशीपासून, एकीच्या दोन, दोहोंच्या चार, अशा रीतीनें झालेल्या असतात. एवढी वाढ झाल्यावर मात्र बहुतेक पेशी स्वस्थ बसतात. विळीवर बोट कापलें कीं कडेच्या पेशी जाग्या होतात, विभागूं लागतात, जखम भरून काढतात, आणि ती भरली कीं पुनः थांबतात. म्हणजे ‘आतां वाढ’ असें पेशीला कोणीतरी सांगतो, आणि तें सांगणें सरलें कीं ती थांबते. हा सांगणारा कोण? पेशीचा ऐकणारा कान कोणता? आणि कोणीं न सांगतांच एखादी पेशी वाढत सुटली, तर तिच्या आंत काय बिघडलें असावें? आत्याबाईंचा प्रश्न हा तिसरा होता. परंतु पहिले दोन सुटल्याशिवाय तो सुटण्यासारखा नव्हता.

परळचें टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या होत्या. त्यांच्या मागें ही संस्था उभी राहिली. तेथील प्रयोगशाळांचीं सूत्रें डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हातीं आलीं. खानोलकर हे विकृतिशास्त्राचे, म्हणजे रोगानें शरीराच्या घडणींत काय फरक पडतो तें पाहणाऱ्या शास्त्राचे, पंडित. त्यांची दृष्टि मात्र सूक्ष्मदर्शकाच्या नळींत अडकून पडलेली नव्हती. १९४५ सालीं सूर्याबाई या सहकारिणीसह त्यांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांत आपल्या देशांतील लोकांच्या संवयींपासून उद्भवणारे तीन कर्करोग वर्णिलेले होते. घट्ट नेसलेलें धोतर जेथें वर्षानुवर्षें कमरेला घासतें त्या जागीं होणारा एक. तंबाखू व चुना मळून ओठाच्या आंत धरून ठेवणाऱ्यांना होणारा दुसरा. आणि चुट्ट्याचें जळतें टोंक तोंडांत धरून ओढणाऱ्यांच्या टाळूवर उमटणारा तिसरा.

कापड विणणाऱ्या गांवच्या माणसाला हें वाचून थोडें चमत्कारिक वाटतें खरें. परंतु या निबंधांतला इशारा मोलाचा होता. जी जागा रोज घासली जाते, पोळते किंवा चुन्यानें झोंबते, तेथें दुरुस्तीची हांक रोज उठते; तेथल्या पेशींना विसावा मिळत नाहीं. पेशी विभागते तेव्हां तिला आपल्या जनुकांची सारी पोथी नक्कल करून घ्यावी लागते, आणि हजारों नकलांत एखादी चूक राहून जाते. तंबाखूंतील विषें तर ती पोथीच डागाळून ठेवतात. जखमेची हांक आणि कर्करोगाची वाढ यांचें नातें येथें, परळच्या कांचपट्ट्यांवर, कोणी नांव देण्यापूर्वींच दिसत होतें.

खानोलकरांच्या मार्गदर्शनाखालीं १९४९ सालीं मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळविणाऱ्या एक बाई होत्या, डॉ. कमल रणदिवे. माहेरच्या त्या समर्थ. ८ नोव्हेंबर १९१७ रोजीं पुण्यांत त्यांचा जन्म झाला. वडील फर्गसन कॉलेजांत जीवशास्त्र शिकवीत. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्गसन. मुलीनें डॉक्टर व्हावें आणि डॉक्टराच्याच घरीं पडावें अशी वडिलांची इच्छा होती. कन्येनें दोन्ही गोष्टी टाळल्या. १९३९ सालीं त्यांनीं गणितज्ञ ज. त्रिं. रणदिवे यांच्याशीं विवाह केला आणि १९४३ सालीं पुण्याच्या शेतकी कॉलेजांतून एम्. एस्सी. ही पदवी घेतली. विषय होता सीताफळाच्या कुळांतील वनस्पतींच्या पेशींतील गुणसूत्रांचा! सीताफळापासून स्तनाच्या कर्करोगापर्यंतचा हा प्रवास वरून विचित्र दिसतो. पण पेशी विभागते कशी, हाच प्रश्न दोन्ही टोंकांना होता.

पीएच. डी. नंतर कमलाबाई अमेरिकेंत बाल्टिमोर येथें जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत जॉर्ज गे यांच्यापाशीं शिकावयास गेल्या. शरीरांतून काढलेल्या पेशी कांचेच्या भांड्यांत जिवंत ठेवण्याच्या कलेंत, म्हणजे ऊतिसंवर्धनांत, गे यांच्या तोडीचीं माणसें त्या काळीं थोडींच होतीं. १९५१ सालीं त्यांच्याच प्रयोगशाळेंत हेन्रिएटा लॅक्स या गरीब काळ्या स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गांठींतील पेशी कांचेंत अमर झाल्या. त्या बाईला कोणीं विचारलें नाहीं. ती त्याच वर्षीं वारली, आणि तिच्या पेशी ‘हेला’ या नांवानें आजहि जगभर वाढत आहेत. विज्ञानाच्या कीर्तीला लागलेला हा डाग झांकून ठेवण्यासारखा नाहीं, म्हणून येथें सांगितला.

१९५२ सालीं परळलाच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर ही संस्था खानोलकरांच्या नेतृत्वाखालीं सुरू झाली. तेथें कमलाबाईंनीं उभारलेली प्रयोगशाळा भारतांतील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा मानली जाते. परदेशांतून तयार माल मागवावा इतका पैसाहि नव्हता आणि परकी चलनहि नव्हतें. तेव्हां पेशींना पोसणारीं द्रावणें त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तेथेंच बनविलीं. १९६६ ते १९७० या काळांत संस्थेचें संचालकपदहि त्यांनीं सांभाळलें. म्हणजे आत्याबाई मालेगांवीं मला प्रश्न विचारीत होत्या, त्याच वर्षीं दोन-अडीचशें किलोमीटरांवर एक मराठी बाई तोच प्रश्न बाटलींतील पेशींना विचारीत होती.

या बाटलींतच कोड्याची किल्ली होती. बाटलींत साखर घाला, क्षार घाला, जीवनसत्त्वें घाला, प्रथिनांचे घटक घाला; पेशी जगतात, पण विभागत नाहींत. खाण्यापिण्याची चंगळ असूनहि कामाला हात लावावयाचा नाहीं, असा त्यांचा खाक्या! मग त्यांत थोडें सीरम मिसळा. रक्त गोठल्यानंतर गुठळीवर जो पिवळसर पाण्यासारखा अंश सुटतो तें सीरम. दहा हिश्शांत एक हिस्सा सीरम पडलें कीं दुसऱ्या दिवशीं पेशी विभागूं लागतात. ही गोष्ट जगांतील प्रत्येक ऊतिसंवर्धकाला ठाऊक होती; स्वयंपाकिणीला मिठाची चिमूट ठाऊक असावी तशी. परंतु सीरमांत असें आहे तरी काय?

त्याचें पहिलें उत्तर सीरमाकडे न पाहणाऱ्या माणसांना सांपडलें. रीटा लेव्ही-मोंताल्चिनी ही इटलींतील ट्यूरिन शहराची डॉक्टर. मुसोलिनीच्या १९३८ च्या वंशविषयक कायद्यांनीं ज्यू म्हणून तिचें विद्यापीठांतील काम बंद पडलें, तेव्हां तिनें आपल्या निजायच्या खोलींत प्रयोगशाळा थाटली आणि कोंबडीच्या अंड्यांतील गर्भाचे मज्जातंतू पाहण्यास आरंभ केला. युद्धानंतर, १९४७ सालीं, ती अमेरिकेंत सेंट लुई येथें गेली. तेथें तिला दिसलें कीं, उंदराच्या एका गांठीचा तुकडा कोंबडीच्या गर्भाला जोडला तर गर्भाचे मज्जातंतू त्या गांठीकडे झुंडीनें वाढत जातात. गांठींतून कांहीं द्रव्य स्रवत होतें. १९५३ सालीं स्टॅन्ली कोहेन हा रसायनज्ञ तिला येऊन मिळाला, आणि तें द्रव्य शोधतां शोधतां दोघें उंदराच्या लाळग्रंथीपर्यंत येऊन पोंचलीं.

येथें खरी मौज झाली. लाळग्रंथीचा अर्क नवजात उंदरांना टोंचला असतां मज्जातंतूंचें काय झालें तें सोडाच, त्यांचे डोळेच लवकर उघडले. उंदराचें पिलूं बाराव्या ते चौदाव्या दिवशीं डोळे उघडतें. हीं सहाव्या-सातव्या दिवशींच टकमक पाहूं लागलीं, आणि त्यांचे दांतहि वेळेआधीं फुटले. दुसरा कोणी असता तर ‘अर्क अशुद्ध दिसतो’ म्हणून ती बाटली फेकून देता. कोहेन यांनीं तसें केलें नाहीं. पापण्यांच्या त्वचेच्या पेशींना वाढावयास लावणारें दुसरेंच द्रव्य त्यांत आहे हें त्यांनीं ताडलें, १९६२ सालीं तें शुद्ध रूपांत काढल्याचें प्रसिद्ध केलें, आणि दहा वर्षांनीं त्याची रचना उलगडली. अवघ्या ५३ अमिनो आम्लांची ती लहानशी माळ होती. तिला त्वचावृद्धिकारक, शास्त्रज्ञांच्या भाषेंत एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, असें नांव पडलें. १९८६ सालचें नोबेल पारितोषिक या दोघांना मिळालें.

सीरमाचें कोडेंहि मग फार दिवस राहिलें नाहीं. न गोठलेल्या रक्ताचा पातळ अंश, म्हणजे प्लाझ्मा, घातला तर कांहीं जातींच्या पेशी वाढत नाहींत, गोठलेल्या रक्ताचें सीरम घातलें तर वाढतात, हें ध्यानांत आल्यावर १९७४ सालीं रसेल रॉस व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, हा फरक बिंबाणूंमुळें पडतो. बिंबाणु म्हणजे रक्त गोठविणारे सूक्ष्म कण. जखम झाली कीं ते तेथें फुटतात आणि पोटांत सांठविलेलें वृद्धिकारक द्रव्य सोडून देतात. बाटलींतल्या पेशी सीरमानें कां वाढत होत्या? त्यांना आपण जखमेंत आहों असें वाटत होतें! निसर्गाची ही काटकसर पाहून मन थक्क होतें: रक्त थांबविणारा आणि दुरुस्तीची दवंडी पिटणारा शिपाई एकच.

सांगणारा सांपडला; आतां ऐकणारा. वृद्धिकारक द्रव्य पेशीच्या आंत शिरून काम करतें कीं बाहेरूनच? कोहेन व ग्रॅहॅम कार्पेंटर यांनीं १९७५ सालीं त्या द्रव्याला किरणोत्सर्गी आयोडीनची खूण लावली आणि तें कोठें जातें हें पाहिलें. तें पेशीच्या आवरणावर ठराविक जागींच चिकटे. या जागा म्हणजेच ग्राही, अर्थात् रिसेप्टर. कुलुपाला किल्ली बसावी तसें प्रत्येक द्रव्य आपापल्या ग्राहीलाच बसतें. त्यानंतर त्यांना एका वृद्ध स्त्रीच्या कर्करोगापासून वाढविलेली ‘ए ४३१’ नांवाची पेशीजात मिळाली. तिच्या एकेका पेशीवर हे ग्राही वीस लक्षांच्या घरांत होते. साध्या पेशीच्या कित्येक पट. इतके कां होते हें त्या वेळीं कोणीं विचारलें नाहीं. संशोधकाला माल मुबलक मिळाल्याचाच आनंद अधिक. १९७८ सालीं त्या पेशींच्या आवरणांवर वृद्धिकारक द्रव्य टाकतांच तेथल्या प्रथिनांना फॉस्फेटचे तुकडे भराभर जोडले जातात असें दिसून आलें.

फॉस्फेट कोठें जोडला जातो, हा पुढचा प्रश्न. आणि याचें उत्तर आळसामुळें मिळालें. कॅलिफोर्नियांतील साल्क संस्थेंत टोनी हंटर १९७९ सालीं गांठी उत्पन्न करणाऱ्या एका विषाणूचा अभ्यास करीत होते. फॉस्फेट हा सीरिन व थ्रिओनिन या दोन अमिनो आम्लांनाच जोडला जातो अशी त्या वेळची समजूत होती. घटक वेगळे करण्याचें द्रावण ताजें करण्याचा कंटाळा करून त्यांनीं जुनेंच वापरलें. जुनें झाल्यानें त्याची आम्लता किंचित् वाढली होती, आणि तेवढ्यानें एरवीं थ्रिओनिनच्या डागाखालीं लपणारा एक तिसरा डाग वेगळा निघाला. तो टायरोसिनचा होता. पेशींतील एकूण फॉस्फेटांत टायरोसिनवरचा वांटा दोन हजारांत एक इतकाच. परंतु पेशीला ‘वाढ’ म्हणून सांगण्याची खूण हीच. १९८० सालीं कोहेन यांच्या ग्राहीचाहि हाच धंदा असल्याचें सिद्ध झालें: तो टायरोसिनवर फॉस्फेट चढवितो. माझ्या विद्यार्थ्यांना मी ही गोष्ट सांगत असें, आणि त्यांनीं तिचा भलताच अर्थ घेऊन नळ्या धुणें सोडूं नये म्हणून लगेच बजावीतहि असें.

आतां सारें यंत्र एकदां चालवून पाहूं. मागाचा दांडा कारखान्याच्या भिंतींतून आरपार गेलेला आहे अशी कल्पना करा. मूठ बाहेर, आणि दांड्याचें दुसरें टोंक आंतल्या चाकांपाशीं. ग्राही हा असाच दांडा आहे: बाहेरचा भाग द्रव्याला धरणारा, मधला आवरणांत रुतलेला, आंतला फॉस्फेट चढविणारा. पण येथें एका दांड्यानें भागत नाहीं. द्रव्य येऊन बसलें कीं दोन ग्राही एकमेकांजवळ सरकतात, जोडी जमवितात, आणि आंतल्या अंगानें एकमेकांच्या शेंपटीवर फॉस्फेटच्या खुणा उमटवितात. त्या खुणा ओळखणारें ग्रब-टू नांवाचें एक प्रथिन धांवत येऊन तेथें चिकटतें. तें आपल्याबरोबर सॉस नांवाचा जोडीदार आणतें. सॉस हा रास नांवाच्या लहानशा प्रथिनाला जागा करतो. रास जागा झाला कीं राफ, राफनें मेक, मेकनें अर्क, असा एकानें दुसऱ्याच्या हातीं निरोप द्यावा तसा तो केंद्रकापर्यंत जातो. केंद्रकांत सायक्लिन नांवाचीं प्रथिनें तयार होऊं लागतात, आणि त्यांच्या जोरावर, एरवीं दार अडवून बसलेल्या आरबी या पहारेकऱ्याला बाजूला सारलें जातें. मग पेशी आपल्या जनुकांची नक्कल करावयास बसते. आर्थर पार्डी यांनीं १९७४ सालीं दाखविलें होतें कीं, या प्रवासांत एक टप्पा असा येतो कीं तेथवर सीरम काढून घेतलें तर पेशी माघारी फिरते. तो ओलांडल्यावर काढून घेतलें तरी ती विभागल्याशिवाय राहत नाहीं.

चालूं करण्याइतकीच काळजी निसर्गानें बंद करण्याचीहि घेतली आहे. आडवा धागा तुटला कीं माग आपोआप थांबावा अशी योजना चांगल्या मागांत असते. ती नसली तर कापडांत भोंके पडत जातात आणि कामगार ओरडत राहतो. पेशींतहि फॉस्फेट पुसून टाकणारीं प्रथिनें आहेत. रास हा कांहीं मिनिटांत स्वतःच पुनः निजतो. आणि काम झालेले ग्राही पेशी गिळून टाकते व त्यांतील पुष्कळसे पचविते. म्हणजे दांडा ओढून झाल्यावर तो मोडूनच टाकावयाचा, हवा तर उद्यां नवा बसवूं, अशी ही रीत.

आत्याबाईंच्या प्रश्नाचें उत्तर १९८३-८४ या दोन वर्षांत आलें. १९८३ सालीं दोन निरनिराळ्या गटांना आढळलें कीं, माकडांत गांठ उत्पन्न करणाऱ्या एका विषाणूचें जनुक हें बिंबाणूंतील वृद्धिकारक द्रव्याच्या जनुकाचीच नक्कल आहे. विषाणूनें पेशींतून तें चोरलें होतें! मग त्याची लागण झालेली पेशी आपणच हांक मारी आणि आपणच ओ देई. १९८४ च्या आरंभीं लंडनच्या संशोधकांनीं याहून नवल दाखविलें. कोंबड्यांत रक्ताचा कर्करोग करणाऱ्या एका विषाणूचें जनुक म्हणजे त्वचावृद्धिकारकाच्या ग्राहीचें मोडकें रूप निघालें. त्याचा बाहेरचा बहुतेक भाग तुटलेला, आंतला शाबूत. मूठच नाहीं, म्हणून कोणीं ओढण्याची गरज नाहीं. दांडा कायमचा ‘चालूं’ वर अडकलेला. माग कोणीं चालूं केला? कोणींच नाहीं. माग चालूं करण्याची सोयच बिघडली होती.

येथें परळच्या उंदरांकडे वळावें लागतें. स्तनाचा कर्करोग आनुवंशिक आहे कीं संसर्गजन्य, हा कमलाबाईंच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय होता. अमेरिकेंत जॉन बिटनर यांनीं १९३६ सालीं दाखविलें होतें कीं, उंदरांच्या कांहीं वंशांत हा रोग आईच्या दुधांतून पिलांना मिळतो. पिलांना जन्मतांच दुसऱ्या वंशाच्या आईचें दूध पाजलें तर बहुतेक वांचतात. दुधांतील तें कारण म्हणजे एक विषाणु निघाला. कमलाबाईंनीं परळला वंशशुद्ध उंदीर पाळून, विषाणु, संप्रेरकें आणि अनुवंश या तिघांचा या रोगांत किती किती वांटा असतो, तें वर्षानुवर्षें पाहिलें. मनुष्यांतहि असा विषाणु असेल काय, अशी शंका त्या काळीं जगभर होती. मुंबईच्या पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचें प्रमाण अधिक, म्हणून त्यांच्या दुधाचे नमुनेहि तपासले गेले, आणि १९७१ सालीं ‘नेचर’ या नियतकालिकांत त्याचा गाजावाजा झाला. मनुष्यांतला विषाणु सिद्ध झाला नाहीं. हा मार्ग तेथेंच संपला असें पुष्कळांना वाटलें.

पण उंदरांचा विषाणु वाया गेला नाहीं. तो कर्करोग करतो तरी कसा, हें पाहतां कळलें कीं, त्याच्याजवळ स्वतःचें असें कर्करोगी जनुक नाहींच. तो पेशीच्या जनुकांच्या पोथींत कोठेंतरी शिरतो आणि शेजारच्या निद्रिस्त जनुकाला जागें करतो. क्लाइव्ह डिक्सन व गॉर्डन पीटर्स यांच्या गटानें अशी एक जागा शोधून तिला ‘इंट-टू’ नांव दिलें, आणि १९८७ सालीं त्या जनुकाची लिपि वाचली तेव्हां तेंहि एका वृद्धिकारक द्रव्याचें जनुक निघालें. बिटनरच्या दुधाचा आणि परळच्या पिंजऱ्यांचा प्रश्न शेवटीं सीरमाच्या बाटलीपाशींच येऊन पोंचला. कमलाबाई त्या वेळीं हयात होत्या. १९७३ सालीं भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना स्थापन करणाऱ्यांत त्या होत्या, १९८२ सालीं पद्मभूषण झाल्या, निवृत्तीनंतर अकोले तालुक्यांतील आदिवासी मुलांच्या पोषणाच्या कामांत रमल्या, आणि २००१ सालीं वारल्या. खानोलकर १९७८ सालींच गेले होते.

उपायांचा इतिहास मी थोडक्यांत सांगतों, कारण तो अजून लिहिला जात आहे. १९८७ सालीं लॉस एंजेलिसचे डेनिस स्लेमन व त्यांचे सहकारी यांनीं स्तनाच्या १८९ गांठी तपासल्या. त्यांतील सुमारें ३० टक्क्यांत ‘हर-टू’ नांवाच्या ग्राहीच्या जनुकाच्या अनेक नकला झालेल्या होत्या, आणि त्या स्त्रियांचा रोग अधिक वेगानें उलटत होता. आज असें प्रमाण पांचांत एक किंवा त्याहून थोडें कमी धरतात. ‘ए ४३१’ वरील वीस लक्ष ग्राहींचा न विचारलेला प्रश्न येथें पुनः उभा राहिला: दांडे फार झाले, तर कोणीं न ओढतांहि त्यांची जोडी जमते. त्या ग्राहीला बाहेरून पकडून ठेवणारें प्रतिपिंड, ट्रास्टुझुमॅब, अमेरिकेंत १९९८ सालीं मान्य झालें. त्याची किंमत मात्र अशी होती कीं आपल्याकडील रुग्णानें तिचा आंकडा ऐकूनच घरची वाट धरावी. त्याच धर्तीचें, कमी किंमतीचें औषध बंगळूरच्या बायोकॉननें २०१४ सालीं भारतांत बाजारांत आणलें. मालेगांवच्या कामगाराच्या दृष्टीनें तेंहि स्वस्त नाहीं.

आणि तंबाखूचा कर्करोग? खानोलकरांनीं ज्या तोंडांकडे पाहिलें होतें त्या जातीच्या बहुसंख्य गांठींत त्वचावृद्धिकारकाचे ग्राही प्रमाणाबाहेर असतात. त्यांना अडविणारें निमोटुझुमॅब हें प्रतिपिंड नेहमींच्या औषध-किरणोपचाराला जोडून टाटा मेमोरियलमध्यें ५३६ रुग्णांवर पाहिलें गेलें, आणि २०१९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दोन वर्षें रोग न बळावतां राहिलेल्यांचें प्रमाण शंभरांत पन्नासाच्या आसपास होतें, तें साठाच्या थोडें वर गेलें. एकूण आयुष्य वाढलें असें मात्र निश्चयानें म्हणतां आलें नाहीं. ज्यांना या शास्त्रापासून चमत्काराची अपेक्षा असेल त्यांनीं हे आंकडे पुनः वाचावेत. कारण उघड आहे. पेशींत एकच दांडा नाहीं. एक अडविला तर कर्करोग दुसरा शोधतो, आणि रासच बिघडलेला असेल तर दारावरचा ग्राही अडवून कांहींच साधत नाहीं.

मागल्या महिन्यांत मालेगांवीं जाणें झालें. आत्याबाई ज्यांच्याकडे कांड्या देत, त्या घरची नात, आतां कॉलेजांत जाणारी, मला भेटावयास आली. तिच्या हातांत तिच्या आईच्या तपासणीचा कागद होता. “काका,” ती म्हणाली, “यांत ‘हर-टू पॉझिटिव्ह’ लिहिलें आहे. डॉक्टर म्हणाले, यावर वेगळें औषध आहे. पण हें आहे तरी काय? अम्मी सारखी विचारते कीं, मला हें कां झालें.” शेजारीं माग चालूं होते, त्यांच्या खडखडाटांत आवाज पोंचेना. मीं तिला जवळ बसवून घेतलें, कागदाच्या पाठीवर एक भिंत काढली, आणि तींतून आरपार गेलेला एक दांडा.